डेव्हिड फेरियर
सर डेव्हिड फेरियर (१३ जानेवारी, इ.स. १८४३:वुडसाइड, ॲबर्डीन, स्कॉटलंड - १९ मार्च, इ.स. १९२८:लंडन, इंग्लंड) हे स्कॉटिश वैद्य आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. माकडांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्प्रवाहाने उद्दीपित करून कोणता भाग कोणत्या अवयवाची हालचाल घडवतो, याचा नकाशा त्यांनी तयार केला. मेंदूची कार्ये त्याच्या ठराविक भागांत वाटलेली असतात, या मताला त्यांच्या प्रयोगांमुळे भक्कम आधार मिळाला. याच प्रयोगांमुळे त्यांच्यावर इ.स. १८८१ मध्ये न्यायालयात खटलाही भरण्यात आला होता.

शिक्षण
फेरियर यांचे पदवीशिक्षण ॲबर्डीन विद्यापीठात झाले. तेथे अभिजात भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय होते व अलेक्झांडर बेन हे त्यांचे गुरू होते. मानसशास्त्राला शरीरक्रियाशास्त्राचा आधार असला पाहिजे, हा बेन यांचा आग्रह फेरियर यांच्या पुढील कार्यातही दिसतो. काही काळ जर्मनीतील हायडेलबर्ग येथे राहिल्यानंतर त्यांनी एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी (इ.स. १८६८) आणि एम.डी. (इ.स. १८७०) मिळवली. त्यानंतर ते लंडनमधील किंग्ज कॉलेज व त्याच्या रुग्णालयाशी जोडले गेले.

पार्श्वभूमी
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रमस्तिष्काचे बाह्यक, म्हणजे मेंदूचा वळ्यांनी भरलेला बाहेरचा थर, उद्दीपनाला प्रतिसाद देत नाही असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. संपूर्ण प्रमस्तिष्क एकसंधपणे काम करते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लुरां यांचे मत प्रचलित होते. इ.स. १८७० मध्ये बर्लिन येथे फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या बाह्यकावर विद्युत्प्रवाह सोडून विरुद्ध बाजूच्या पायांची हालचाल घडवून दाखवली. त्याच सुमारास लंडनमधील वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन फेफऱ्याच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करत होते. काही रुग्णांचे झटके अंगठ्यापासून किंवा चेहऱ्यापासून सुरू होऊन ठराविक क्रमाने पसरत. त्यावरून बाह्यकात शरीराच्या हालचालींची काही मांडणी असावी, असे अनुमान जॅक्सन यांनी केले होते. हे अनुमान प्रयोगाने तपासण्याचे काम फेरियर यांनी हाती घेतले.

वेकफील्ड येथील प्रयोग
इ.स. १८७३ मध्ये जेम्स क्रिख्टन-ब्राउन यांनी वेकफील्ड येथील वेस्ट रायडिंग मनोरुग्णालयाची प्रयोगशाळा फेरियर यांना वापरण्यास दिली. तेथे त्यांनी ससे, गिनीपिग, मांजरे, कुत्रे इत्यादी प्राण्यांना बेशुद्ध करून प्रयोग केले. फ्रिट्श व हिट्झिग यांनी बॅटरीचा अखंड प्रवाह वापरला होता. त्याने स्नायूंना क्षणिक झटका बसे. फेरियर यांनी प्रवर्तन-वेटोळ्यातून मिळणारा प्रत्यावर्ती प्रवाह वापरला. हा प्रवाह काही सेकंद दिल्यावर प्राणी हेतुपूर्वक करतो तशा पूर्ण हालचाली उमटत. पंजा पुढे येई, तोंड उघडे, डोके एका बाजूला वळे.

माकडांवरील संशोधन
यानंतर रॉयल सोसायटीच्या साहाय्याने फेरियर यांनी माकडांवर प्रयोग सुरू केले. माकडाच्या मेंदूची रचना मानवी मेंदूशी बरीच मिळतीजुळती असल्यामुळे या निष्कर्षांचा रुग्णांसाठी उपयोग होण्याची शक्यता अधिक होती. हा लेख रॉयल सोसायटीकडे आला तेव्हा फ्रिट्श व हिट्झिग यांच्या कार्याला योग्य श्रेय दिलेले नाही, असा आक्षेप परीक्षकांनी घेतला. त्यावर फेरियर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचा भाग वगळला व माकडांवरील निष्कर्ष तेवढे प्रसिद्ध केले.

केवळ उद्दीपनावर ते थांबले नाहीत. जो भाग उद्दीपित केल्यावर हाताची हालचाल होते, तोच भाग काढून टाकल्यावर हात लुळा पडतो का, हेही त्यांनी तपासले. दोन्ही पुरावे जुळले तरच त्या भागाचे कार्य निश्चित मानावे, अशी त्यांची पद्धत होती. ललाटखंडाचा पुढचा भाग काढलेल्या माकडांना अर्धांगवायू होत नसे व त्यांच्या संवेदनाही शाबूत राहत. मात्र त्यांचे कुतूहल आणि अवधान कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले. हे सर्व संशोधन 'द फंक्शन्स ऑफ द ब्रेन' (इ.स. १८७६) या ग्रंथात एकत्र आले. ग्रंथ जॅक्सन यांना अर्पण केलेला आहे.

लंडन येथील वैद्यक परिषद
ऑगस्ट १८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत फेरियर आणि स्ट्रासबर्गचे प्राध्यापक फ्रीडरिख गोल्ट्झ यांच्यात वाद झाला. गोल्ट्झ यांनी बाह्यकाचा मोठा भाग काढूनही चालणारा-फिरणारा कुत्रा सादर केला व कार्यांची विभागणी नाकारली. फेरियर यांनी दोन माकडे दाखवली. एकाच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा हालचालींशी संबंधित भाग काढलेला होता. त्याला मानवी रुग्णात दिसतो तसाच उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला होता. दुसऱ्या माकडाच्या दोन्ही शंखखंडांतील वरची वळी काढलेली होती. जवळ मोठा आवाज केला तरी ते दचकत नसे. नंतर तज्ज्ञांच्या समितीने प्राण्यांच्या मेंदूंची तपासणी केली. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याच्या मेंदूचा भाग सांगितला होता त्यापेक्षा कमी काढला गेला होता, असे आढळले.

ही माकडे शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगली, याचे कारण किंग्ज कॉलेज रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी रुजवलेली जंतुरोधक पद्धत हे होते. जखमेत पू न झाल्यामुळे दिसणारी लक्षणे काढलेल्या भागामुळेच आहेत, असे सांगता येऊ लागले.

खटला
ब्रिटनमध्ये इ.स. १८७६ च्या कायद्यानुसार जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना आवश्यक होता. परिषदेचे वृत्तान्त वाचून फ्रान्सिस पॉवर कॉब यांच्या व्हिक्टोरिया स्ट्रीट सोसायटी या प्राणिप्रयोगविरोधी संस्थेने फेरियर यांच्यावर विनापरवाना शस्त्रक्रिया केल्याचा आरोप ठेवला. नोव्हेंबर १८८१ मध्ये लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात सुनावणी झाली. शस्त्रक्रिया फेरियर यांनी नव्हे, तर त्यांचे सहकारी जेराल्ड यो यांनी केली होती व यो यांच्याकडे परवाना होता, हे साक्षीत स्पष्ट झाल्याने तक्रार फेटाळली गेली. प्राण्यांना अशा प्रकारे अपंग करणे योग्य आहे का, या प्रश्नाचा निर्णय मात्र न्यायालयासमोर नव्हता. तो वाद वर्तमानपत्रांतून पुढेही चालू राहिला.

शस्त्रक्रियेतील उपयोग
फेरियर यांच्या नकाशाची कसोटी २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लागली. लंडनमधील एका तरुण रुग्णाला शरीराच्या डाव्या बाजूचे झटके येत व त्याचा डावा हात कमजोर झाला होता. कवटीवर बाहेरून कोणतीही खूण नव्हती. केवळ लक्षणांवरून वैद्य ह्यूज बेनेट यांनी गाठीची जागा ठरवली आणि रिकमन गॉडली यांनी तेथे कवटी उघडली. गाठ अपेक्षित जागीच सापडली व काढण्यात आली. फेरियर आणि जॅक्सन या शस्त्रक्रियेला उपस्थित होते. सुमारे चार आठवड्यांनी जंतुसंसर्गामुळे रुग्णाचा मृत्यू झाला. तरीही क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात मेंदूतील अदृश्य गाठीचे स्थान अचूक सांगता येते, हे सिद्ध झाले.

मर्यादा
फेरियर यांचे सर्व निष्कर्ष टिकले नाहीत. दृष्टीचे केंद्र त्यांनी कोनीय वळीत मानले होते. ते मेंदूच्या मागील बाजूच्या पश्चकपाल खंडात असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान मुंक यांनी दाखवले. हालचालींचे क्षेत्र मध्यवर्ती खाचेच्या दोन्ही बाजूंना पसरले आहे, असे फेरियर यांचे मत होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शेरिंग्टन आणि ग्रुनबाउम यांनी वानरांवर प्रयोग करून ते मुख्यतः खाचेच्या पुढच्या बाजूला असल्याचे दाखवले. विद्युत्प्रवाह आजूबाजूच्या ऊतीतही पसरतो, हा त्यांच्या पद्धतीवरील मूलभूत आक्षेप होता.

सन्मान व उत्तरायुष्य
इ.स. १८७६ मध्ये फेरियर रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. इ.स. १८७८ मध्ये सुरू झालेल्या 'ब्रेन' या नियतकालिकाच्या चार संस्थापकांपैकी ते एक होते. इ.स. १८८९ मध्ये किंग्ज कॉलेजात त्यांच्यासाठी चेताविकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण करण्यात आले. इ.स. १८९० मध्ये त्यांना रॉयल मेडल व इ.स. १९११ मध्ये 'सर' हा किताब मिळाला.

वारसा
शेरिंग्टन यांनी आपला इ.स. १९०६ मधील प्रसिद्ध ग्रंथ फेरियर यांना अर्पण केला. रॉयल सोसायटीची फेरियर व्याख्यानमाला त्यांच्या स्मरणार्थ आहे. विद्युत्प्रवाहाने एका जागेतील सर्व प्रकारच्या चेतापेशी आणि तेथून जाणारे तंतू एकदमच उद्दीपित होतात. ही अडचण दूर करण्यासाठी एकविसाव्या शतकात ऑप्टोजेनेटिक्स हे तंत्र पुढे आले. त्यात शैवालातील प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक विषाणूच्या साहाय्याने निवडक चेतापेशींत घालून त्या प्रकाशाने चालू किंवा बंद करतात. इ.स. २००९ मध्ये हे तंत्र मकाक माकडांत वापरल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. माकडांचा मेंदू उंदराच्या मेंदूपेक्षा मोठा असल्यामुळे प्रकाश पुरेशा पेशींपर्यंत पोहोचवणे कठीण जाते. इ.स. २०११ मधील एका अभ्यासात चेतापेशी प्रकाशाला प्रतिसाद देत असूनही माकडांच्या अवयवांची हालचाल झाली नाही. मेंदूचा भाग उद्दीपित करायचा, तो निष्क्रिय करायचा आणि दोन्ही परिणाम ताडून पाहायचे, ही फेरियर यांची रीत मात्र या संशोधनातही कायम आहे. त्यांच्यावरील खटल्यात अनुत्तरित राहिलेला माकडांवरील प्रयोगांच्या नैतिकतेचा प्रश्नही अद्याप चर्चेत आहे.