कॉलेजचा मल्ल : खाशाबा जाधव

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकचे पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. कुस्तीचे बाळकडू घरातच, वडिलांकडून मिळाले. लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर गाठीला पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

लोकांनी डोक्यावर घेतले, सरकारदरबारी मात्र उपेक्षाच झाली. फौजदाराची नोकरी मिळायला १९५५ साल उजाडले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. दुसरे वैयक्तिक पदक मिळवायला देशाला ४४ वर्षे लागली, यावरूनच त्यांची थोरवी कळते.

मित्रहो, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना या चरित्रात एक गोष्ट मोलाची वाटते. मनगट खाशाबांचे होते. पण त्यावर विश्वास टाकून स्वतःचे घर पणाला लावणारा गुरुही तितकाच मोठा होता.