जहाजात पुस्तकं बुडाली, तो इतिहास किहीमकरांनी पुन्हा लिहिला

अलिबागला पिकनिकला जाणाऱ्यांना किहीमचा समुद्रकिनारा माहीत असतो. पण या गावाचं नाव आडनावात असलेला एक ज्यू लेखक होऊन गेला, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

हाईम सॅम्युअल किहीमकर. जन्म १८३०, अलिबाग.

किहीमकर बेने इस्राएल समाजाचे. घरात मराठी, आडनावात गावाचं नाव आणि पुढे ‘कर’. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे.

या समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. फार पूर्वी नवगावजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ मात्र समुद्रात गेले. पुढे हिब्रू भाषाही विसरली. उरलं काय? शनिवारची सुट्टी, सुंता, खवले नसलेला मासा न खाणं आणि शेमा ही एक प्रार्थना.

एकोणिसाव्या शतकात हे लोक मोठ्या संख्येने मुंबईत आले आणि तिथे गाठ पडली बगदादी ज्यूंशी. त्यांच्यातले अनेक जण यांना अस्सल ज्यू मानायला तयार नव्हते. आता पुरावा दाखवायचा कुठून? पुस्तकंच नव्हती ना.

किहीमकरांनी आधी शिक्षणाला हात घातला. १८५३ मध्ये भावांना आणि मित्रांना सोबत घेऊन संस्था काढली, १८७५ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.

मग समाजाचा इतिहास लिहायला घेतला, तोही इंग्रजीत. जहाजाची गोष्ट, लग्नाचे विधी, सणवार, पलटणीत नोकरी केलेल्यांची नावं, सगळं कागदावर आणलं. आपले पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास आले, असा त्यांचा हिशोब होता. तो सिद्ध झालेला नाही, पण चालीरीतींच्या नोंदींचं मोल त्याने कमी होत नाही.

१८९७ मध्ये हस्तलिखित तयार झालं. पण छापलंच गेलं नाही. किहीमकर वारले, तरी कागद तसेच.

१९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सवँगर नावाचे ज्यू अभ्यासक पॅलेस्टाईनहून भारतात आले. गांधीजींना भेटले. पुढे भगवद्गीता हिब्रूत नेली ती यांनीच. किहीमकरांचं हस्तलिखित त्यांनी १९३७ मध्ये तेल अवीवला छापून आणलं. लिहिल्यानंतर ४० वर्षांनी!

दोनच वर्षांनी काफ्काची हस्तलिखितं सुटकेसमध्ये भरून मॅक्स ब्रॉड प्राग सोडून त्याच तेल अवीवला गेला. ती सुटकेस जगभर गाजली. किहीमकरांचे कागद महाराष्ट्रातही कुणाला आठवत नाहीत.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल हळूहळू इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या दशकात लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, तुम्ही ज्यू कशावरून? लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली.

तोवर किहीमकरांचं पुस्तक छापून २७ वर्षं झाली होती.