ब्योमकेश बक्षी लिहिणारा माणूस 18 वर्षं आपल्या पुण्यात राहिला

पुरंदर / प्रतिनिधी

मागच्या आठवड्यात मोटारीच्या स्टार्टरचं सामान आणायला पुण्यात बुधवार पेठेत गेलो होतो. बुधवार पेठ म्हटलं की आपल्याकडची पोरं गालातल्या गालात हसतात. पण शेतकऱ्याला ही पेठ वेगळ्या कामाची. तपकीर गल्लीत वायर, कॉइल, कपॅसिटर मिळतं, अप्पा बळवंत चौकात पोरांची पुस्तकं मिळतात, जाता जाता दगडूशेठ गणपती आणि पासोड्या विठोबाचं दर्शन होतं. स्वारगेटला एसटीतून उतरायचं, मंडईवरून चालत यायचं, काम उरकून संध्याकाळच्या गाडीनं घरी.

त्या गल्लीत उभा असताना मला 1993 साल आठवलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. अंजिराची पट्टी चांगली आली म्हणून वडिलांनी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घेतला होता. पण चित्र कमी आणि मुंग्याच जास्त. मग वडील तपकीर गल्लीतून बूस्टर आणि चपटी वायर घेऊन आले, आणि आमच्या पत्र्यावर अँटेना उभा राहिला. वारा सुटला की तो फिरायचा. मग मी वर चढायचो, खालून बहीण ओरडायची, आलं, आलं, गेलं! आमच्या आळीत तो दुसरा टीव्ही. त्यामुळं ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची.

त्याच टीव्हीवर आम्ही ब्योमकेश बक्षी पाहिला. त्याच्या आधी 1985 साली गाजर खाणारा करमचंद येऊन गेला होता, त्याच्या गोष्टी थोरली पोरं सांगायची. पण आमच्या वयाच्या पोरांचा डिटेक्टिव्ह म्हणजे ब्योमकेश. धोतर, झब्बा, डोळ्यात तेवढी चमक. बंदूक नाही, मोटारगाडी नाही, मारामारी नाही. रस्त्यानं चालता चालता माणूस कोसळून मरतो आणि त्याच्या छातीत ग्रामोफोनची पिन सापडते, तो भाग झाल्यावर कित्येक दिवस मागून सायकलची घंटी वाजली की आम्ही दचकायचो. आता ती मालिका मोबाईलवर दिसते. ती रंगीत आहे. आमच्या घरात मात्र ती काळी-पांढरीच होती, आणि खरं सांगू का, मला अजून तीच खरी वाटते.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकात पोराची गाईडं घेताना जुन्या पुस्तकांत ब्योमकेशच्या गोष्टींचं एक हिंदी पुस्तक दिसलं, ते घेतलं. एसटीत बसून लेखकाची माहिती वाचली आणि थक्क झालो. ज्या माणसानं कलकत्त्यातला हा डिटेक्टिव्ह जन्माला घातला, त्यानं आयुष्याची शेवटची 18 वर्षं आपल्या पुण्यात काढली. आपण पत्र्यावर चढून ज्याच्या गोष्टी बघत होतो, तो जवळजवळ शेजारीच होता. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. त्याच माणसाची ही हकिकत.

त्यांचं नाव शरदिंदू बंदोपाध्याय. जन्म 30 मार्च 1899, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. घराणं बंगाली, पण संसार बिहारमध्ये. वडील वकील. शरदिंदूबाबूंचं लहानपण आणि तरुणपण बिहारमध्ये मुंगेरकडं गेलं. कॉलेजला ते कलकत्त्याला विद्यासागर कॉलेजात आले. तिथं मेसमध्ये, म्हणजे खाणावळ असलेल्या खोल्यांत, पोरांबरोबर राहिले. विशीच्या आसपास पहिलं पुस्तक निघालं, ते कवितांचं. पुढं पाटण्याला वकिलीची परीक्षा दिली. थोडी वर्षं वकिली केलीही, पण मन रमेना. बापाचा चालता धंदा सोडून पोरानं लेखणी धरली. आपल्याकडं पोरगा चालू बागायत सोडून नाटकात गेला तर घरात जे होईल, तेच तिथंही झालं असणार.

1932 साली त्यांनी ब्योमकेशची पहिली गोष्ट लिहिली, तीच ती ग्रामोफोनच्या पिनेची. त्या काळी आपल्या देशात डिटेक्टिव्ह म्हटलं की विलायती नकल असायची. साहेबी टोपी, साहेबी पाईप, नाव तेवढं देशी. शरदिंदूबाबूंनी तसं केलं नाही. त्यांचा ब्योमकेश साधा मध्यमवर्गीय माणूस. कलकत्त्यात हॅरिसन रोडला भाड्याच्या जागेत मित्राबरोबर राहतो. मित्र अजित लेखक आहे, आणि बहुतेक गोष्टी तोच सांगतो. घरात पुटीराम नावाचा गडी आहे. एका खुनाच्या तपासात आरोपीची बहीण सत्यवती भेटते, ब्योमकेश तिच्या भावाला सोडवतो आणि पुढं तिच्याशीच लग्न करतो. त्याला मूल होतं, वय वाढतं, पैशाची चणचण होते, बायकोशी कुरबूर होते, स्वतःचं घर बांधायचं मनात येतं. टीव्हीवर ब्योमकेश झाला रजित कपूर, अजित झाला के. के. रैना, आणि सत्यवतीच्या कामात होती आपली मराठी सुकन्या कुलकर्णी. दिग्दर्शक होते बासू चॅटर्जी.

अजून एक गोष्ट. ब्योमकेशला कुणी डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, म्हणजे सत्य शोधणारा. लहानपणी हा शब्द नुसता भारी वाटायचा. त्यातला फरक मला फार उशिरा कळला, ते पुढं सांगतो.

चार-पाच वर्षांत ब्योमकेशच्या दहा गोष्टी झाल्या आणि लेखकानं हात थांबवला. 1938 साली मुंबईहून बोलावणं आलं. मालाडला हिमांशू राय आणि देविका राणी यांची बॉम्बे टॉकीज ही कंपनी होती, अशोक कुमार तिथंच मोठा झाला. शरदिंदूबाबू तिथं सिनेमाच्या गोष्टी लिहायला आले. त्याच साली आलेला भाभी हा सिनेमा त्यांच्याच गोष्टीवरचा. 1940 मध्ये हिमांशू राय वारले, कंपनीचे दिवस फिरले. शरदिंदूबाबूंनी कंपनी सोडली, पण सिनेमाचं लिखाण चालू ठेवलं. अशी चौदा वर्षं गेली. ब्योमकेश या सगळ्या काळात जवळजवळ गप्पच होता.

मग 1952 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, त्यांनी सिनेमा सोडला आणि पुण्याला येऊन राहिले. विचार करा. सिनेमात रोकडा पैसा. पुस्तकाचा पैसा म्हणजे आपल्या आडसाली उसासारखा, लावा आज आणि वाट बघा दीड वर्ष. त्यात लिहायचं बंगालीत, छापणारे आणि वाचणारे कलकत्त्यात, आणि आपण बसायचं पुण्यात. या वयात माणूस निवृत्तीची भाषा करतो. यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि खरं पीक इथंच आलं. ब्योमकेश पंधरा वर्षांनी परत उभा राहिला होता, त्याच्या पुढच्या बहुतेक गोष्टी पुण्यात राहत असतानाच्या आहेत. चिडियाखाना ही त्यातली एक गाजलेली. आपल्या शेतकरी वाचकांनी ती जरूर वाचावी, कारण ती घडते एका शेतावर. निवृत्त जज्जानं कलकत्त्याबाहेर जमीन घेऊन फुलं, भाजीपाला, दूधदुभतं चालू केलेलं असतं. कामाला ठेवलेली माणसं सगळी जगानं टाकलेली, प्रत्येकाचा काही ना काही भूतकाळ. आणि तिथं कुणीतरी मोटारगाडीचे मोडके भाग आणून टाकत असतं. तिथून जी गोष्ट सुरू होते ती खुनापर्यंत जाते. या गोष्टीवर 1967 साली सत्यजित राय यांनी सिनेमा काढला, काळा-पांढराच. ब्योमकेश झाला बंगालचा सुपरस्टार उत्तम कुमार. रायबाबूंना दिग्दर्शनाचा आणि उत्तम कुमारला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्याची मूळ गोष्ट तो माणूस त्या वेळी पुणेकर होता.

पुण्याच्या या वर्षांत त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. विजयनगरच्या राज्यावरची तुंगभद्रेच्या तीरावरची कादंबरी 1965 सालची. तिला 1967 मध्ये बंगालचा मानाचा रवींद्र पुरस्कार मिळाला.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती वेगळीच गोष्ट. शरदिंदूबाबूंनी बंगाली पोरांसाठी एक मराठी नायक तयार केला. त्याचं नाव सदाशिव. हा पोरगा शिवाजी महाराजांच्या माणसांत सामील होतो आणि धाडसाची कामं करतो. त्याच्या पाच गोष्टी आहेत. आपण इकडं बंगाली ब्योमकेश बघून वाढलो, आणि तिकडं बंगालची पोरं आपल्या मावळ्याच्या गोष्टी वाचून वाढली. आमच्या शेताच्या बांधावरून पुरंदर किल्ला दिसतो. परदेशी म्हणून आलेला माणूस इथला डोंगर, इथला राजा आपलासा करतो आणि हजार मैलांवरच्या पोरांना सांगतो, हे काही थोडं नाही.

1961 साली पानशेत फुटलं तेव्हा ते पुणेकरच होते. पेठांमध्ये पाणी घुसलेलं पुणं आणि परत उभं राहिलेलं पुणं, दोन्ही त्यांच्या काळातलं. लिहिणं शेवटपर्यंत चालू होतं. ब्योमकेशच्या 32 गोष्टी पूर्ण झाल्या. तेहतिसावी अर्धी लिहून झाली होती. 22 सप्टेंबर 1970 रोजी, वयाच्या 71 व्या वर्षी, शरदिंदूबाबू गेले. ती गोष्ट अर्धीच राहिली. खुनी कोण, हे सांगणारा माणूसच उरला नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. म्हणजे ज्या डब्यानं ब्योमकेशला खेड्यापाड्यात नेलं, तो डबा महाराष्ट्रात सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीच त्यांनी डोळे मिटले. मालिका आली त्यांच्या मागं 23 वर्षांनी. आमच्या ओसरीवर शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलेली तीस-चाळीस माणसं त्यांनी कधी बघितली नाहीत.

आता तो सत्यान्वेषी शब्द. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या शिवारात एका रात्रीत चार विहिरींवरच्या केबली चोरीला गेल्या. शेतकऱ्याला केबल जाणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पीक पाण्यावर आलेलं, आणि नवी केबल घ्यायला खिशात पैसा नाही. सकाळी पारावर माणसं जमली आणि सगळ्यांनी बोट दाखवलं ओढ्याकाठी पाल टाकून राहिलेल्या एका मजूर कुटुंबाकडं. बाहेरचे आहेत, रात्री जागे असतात, एवढाच पुरावा. मीही तिथं उभा होतो. तपास न करता मी तशीच बातमी दिली, की ओढ्याकाठच्या बाहेरच्या मजुरांवर गावकऱ्यांचा संशय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाल उठलेलं होतं. त्यांची दोन लेकरं शाळेत जायची.

दोन महिन्यांनी जाळलेल्या केबलीचं तांबं भंगारात विकताना दोघं सापडले. मोटारसायकलवर फिरणारे, जवळच्याच गावातले. त्यातला एक त्या दिवशी पारावर सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. मी दुसरी बातमी दिली. पण पहिली जेवढी फिरली, त्याच्या निम्मीसुद्धा दुसरी फिरली नाही. ते कुटुंब कुठं गेलं, याची मी दोन-तीन तालुक्यांत चौकशी केली. पत्ता लागला नाही.

ब्योमकेशच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत असंच असतं. ज्याच्यावर सगळ्यांचं बोट, तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. सत्यवतीचा भाऊ असाच अडकला होता. ब्योमकेश पारावरच्या आवाजाकडं लक्ष देत नाही. तो जागेवर जातो, वस्तू बघतो, माणसांना शांतपणे विचारतो आणि मगच बोलतो. मी तेरा वर्षांचा असताना हे सगळं बघितलं होतं. सायकलची घंटी लक्षात राहिली, आणि राहायला पाहिजे होतं ते विसरलो.

आता प्रत्येकाच्या हातात टीव्ही आहे. अँटेना फिरवायला लागत नाही, चित्र स्वच्छ येतं, आणि चोर आल्याचा, पोरं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज मिनिटात गावभर होतो. पुढं पाठवायच्या आधी जरा थांबा, जागेवर जाऊन बघा, एवढंच माझं सांगणं. मी थांबलो नव्हतो.

स्टार्टरची कॉइल मिळाली. येताना अप्पा बळवंत चौकात परत थांबलो आणि पोरासाठी ब्योमकेशचं अजून एक पुस्तक घेतलं. तो म्हणतो, पप्पा, मोबाईलवर आहे की हे सगळं. म्हटलं असू दे, हे आधी वाच. रात्री लाईट गेली होती. तो बॅटरीच्या उजेडात वाचत बसला होता, आणि मी मोटार चालू करायला विहिरीवर गेलो.