तांब्याचा तळ, जस्ताचा तुकडा आणि हम्फ्री डेव्ही

विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली माशाच्या परासारखे दिसणारे छोटे अँटेना असतात. वैमानिकाचे नियंत्रण कक्षाशी बोलणे आणि विमानाचे स्थान कळणे त्यांच्यावर अवलंबून असते. या अँटेनांच्या बुडाशी होणाऱ्या क्षरणाची तंत्रज्ञांना धास्ती असते. या क्षरणामागचे विज्ञान पहिले विमान उडण्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाशी शोधले होते.

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील पेन्झान्स येथे झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. ते लवकर वारले आणि किशोरवयीन हम्फ्री गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. रसायनशास्त्र त्यांनी बव्हंशी स्वतःच वाचून आत्मसात केले. १७९८ मध्ये ते ब्रिस्टलच्या एका संस्थेत रुजू झाले. तेथे वेगवेगळे वायू हुंगवून रोगांवर उपचार करण्याचे प्रयोग चालत. नायट्रस ऑक्साइड हा वायू डेव्ही यांनी स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेत वेदना कमी करण्यासाठी तो उपयोगी पडू शकेल, असे १८०० मध्ये लिहून ठेवले. वैद्यकाने ही सूचना मनावर घ्यायला चार दशके लावली.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटे. विजेच्या साहाय्याने संयुगे फोडून त्यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, तर पुढच्याच वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. रासायनिक क्रिया आणि वीज यांचे नाते अतूट आहे, ही त्यांची खूणगाठ होती. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

त्या काळी ब्रिटिश नौदल लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असे. त्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाज वाचे. पण समुद्राचे पाणी हे महागडे पत्रे खाऊन टाकी. नौदलाने डेव्ही यांना उपाय विचारला. तांब्यातील भेसळीमुळे ही झीज होते, असा समज होता. डेव्ही यांनी दाखवले, की शुद्ध तांबेही खाऱ्या पाण्यात झिजते आणि ही झीज मुळात विद्युत-रासायनिक आहे. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले, तर अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. मग तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर?

जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी या प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीत सादर केला. वाटाण्याएवढ्या जस्ताने चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे सुरक्षित राहत होते. या कामात तरुण मायकेल फॅरडे यांची मदत होती. नौदलाच्या जहाजांना असे संरक्षक तुकडे बसवण्यात आले आणि तांब्याची झीज खरोखरच थांबली.

पण जहाजे समुद्रात फिरू लागली, तेव्हा निराळेच संकट उभे राहिले. तळावर शेवाळ आणि शिंपले दाट चिकटू लागले, जहाजांचा वेग मंदावला. झिजणाऱ्या तांब्यातून सुटणारे विषारी क्षारच आजवर या जीवांना दूर ठेवत होते. झीज थांबली आणि विषही थांबले. काही वर्षांतच नौदलाने हे तुकडे काढून टाकले. विज्ञान बरोबर होते, तरी डेव्ही टीकेचे धनी झाले. १८२६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची कल्पना मात्र टिकली. आज पोलादी जहाजांना जस्ताचे ठोकळे लावतात. शेवाळ रोखण्याचे काम रंगाकडे असते. जमिनीखालच्या नळवाहिन्याही याच तत्त्वाने वाचवल्या जातात. विमानाच्या मजबूत अॅल्युमिनियम मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो स्वतः झिजून आतला पत्रा राखतो.

अँटेनाच्या बुडाशी हेच तत्त्व उलटे, नको तसे घडते. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा, तर स्क्रू बहुधा पोलादाचे असतात. फटीत ओलावा शिरला, की विद्युतघट तयार होतो आणि डेव्हींच्या जस्ताची भूमिका पत्र्याच्या वाट्याला येते. पांढरी भुकटी दिसते, रंग फुगतो, रेडिओत खरखर येते. दुर्लक्ष केल्यास पत्राच कमकुवत होतो.

मग सगळीकडे जाड रंग का लावू नये? कारण अँटेना नीट चालण्यासाठी त्याचा तळ आणि पत्रा यांच्यात वीज विनाअडथळा वाहायला हवी. रंगाने झीज थांबेल, पण अँटेनाचे कामही बिघडेल. तांब्याच्या तळाची गोष्ट येथे पुन्हा समोर येते. म्हणून तंत्रज्ञ जोडाची जागा उघडी करतात, पण पोलादी लोकरीने घासत नाहीत. तिचे कण पत्र्यात रुतून नवे क्षरण सुरू करतात. उघड्या पत्र्यावर वीजवाहक रासायनिक लेप देतात, गरजेनुसार वीजवाहक गॅस्केट ठेवतात, जोडाचा विद्युतरोध मोजतात आणि कडेने सीलंट भरून पाण्याची वाट बंद करतात. पुढच्या देखभालीत ही कड तडकली आहे का, हे आधी पाहतात. ओलावा आत गेला नाही, तर विद्युतघटच तयार होत नाही.