मुळीची परीक्षा घेणारे डॉक्टर

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे लागते. येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था अनेक वर्षांपासून आदिवासी वाड्यांमध्ये औषधी वनस्पतींचे काम करत आली आहे. झाडपाल्याची जाण असलेली माणसे या पट्ट्यात अजूनही आहेत. त्याच घरांमध्ये आता रक्ततपासणीचे अहवालही येऊ लागले आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याच्या अहवालात युरिक ॲसिडच्या आकड्यापुढे खूण दिसली, की घरात काळजी सुरू होते. कोणी डाळी बंद करायला सांगतो, कोणी एखादी मुळी सुचवतो. मुळी असो वा आकडा, विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, हे मुंबईच्या एका डॉक्टरांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

वकील यांचा जन्म 17 जुलै 1911 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. तेथे पुढे जाण्याच्या वाटा खुल्या असतानाही ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. हृदयविकार हा त्यांचा विषय. त्या काळी हृदयरोगतज्ज्ञ ही वेगळी शाखा आपल्याकडे रुजलेली नव्हती. ती रुजवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते.

त्यांच्यापुढे येणाऱ्या रुग्णांत मोठा भाग उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा होता. आज रक्तदाब मोजला की डॉक्टर लगेच गोळी लिहून देतात. 1940च्या सुमारास अशी खात्रीची गोळीच नव्हती. मीठ तोडा, विश्रांती घ्या, झोपेचे औषध घ्या, एवढेच सांगता येई. फारच वाढले तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढाच होता. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. सगळ्यात सामर्थ्यवान देशाच्या प्रमुखाची ही गत, तर परळ-लालबागच्या गिरणी कामगाराची काय असणार?

आपल्याकडे मात्र एक मुळी होती. सर्पगंधा. सह्याद्रीच्या दमट जंगलांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत उगवणारे हे लहानसे झुडूप. सर्पदंशावर, ताप-पोटदुखीवर आणि वेडाच्या झटक्यावर तिचा वापर पिढ्यानपिढ्या होत होता. बिहारकडे तर ती वेड्याचे औषध म्हणूनच ओळखली जाई. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ती उपयोगी पडत असल्याचे लिहिले. पुढे मुळीच्या गोळ्याही बाजारात आल्या आणि अनेक डॉक्टर त्या देऊ लागले. गुण येतो, असे सगळेच म्हणत. पण किती जणांना येतो, किती येतो आणि किती काळ टिकतो, हे नीट मोजून जगापुढे ठेवलेले नव्हते.

वकील यांनी ते केले. रक्तदाब ही फसवी गोष्ट आहे, हे त्यांना माहीत होते. माणूस दवाखान्यात आला की तो वर जातो, चार दिवस आराम केला की खाली येतो. एकदा मोजून औषधाला श्रेय देणे म्हणजे पाऊस पडला म्हणून बेडकाला श्रेय देणे. म्हणून त्यांनी रुग्ण निवडले, त्यांच्या नोंदी ठेवल्या, औषध सुरू असताना आणि बंद केल्यावरही मोजमाप चालू ठेवले. 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यात 50 रुग्णांचा हिशेब होता. चार आठवड्यांच्या उपचारानंतर 85 टक्के रुग्णांचा वरचा, तर 81 टक्के रुग्णांचा खालचा रक्तदाब उतरला होता. औषध थांबवल्यावरही परिणाम काही आठवडे टिकत होता. सगळ्यांना सारखा गुण आला नव्हता, आणि तेही लेखात स्पष्ट होते.

हा लेख अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला, आणि आपल्या रुग्णांवर मुळी वापरून पाहिली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पिन. रक्तवाहिन्या आवळून धरण्याचा निरोप मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेल्या एका रसायनातून जातो. रेसर्पिन तो साठाच रिकामा करते, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो.

1957 मध्ये वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. 1958 मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. पुढच्या काळात त्यांनी रुग्णसेवेबरोबर ग्रंथलेखन केले. रोगनिदानावरची आणि वैद्यकशास्त्रावरची त्यांची पाठ्यपुस्तके अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वापरली. 20 नोव्हेंबर 1974 रोजी त्यांचे निधन झाले.

गोष्ट इथे संपली असती, तर ती केवळ अभिमानाची झाली असती. पण मोजणे सुरू राहिले आणि मुळीची दुसरी बाजूही समोर आली. रेसर्पिन मेंदूतल्या रसायनांचाही साठा कमी करते. जास्त मात्रेत काही रुग्णांना खोल उदासी येऊ लागली. नाक चोंदणे, सुस्ती या तक्रारी तर नेहमीच्याच. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. मात्र जाता जाता त्याने मोठे काम केले. 1967 मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांवरच्या एका चाचणीत 143 रुग्णांपैकी निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे दिली, निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांच्या गटात 27 जणांना गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात फक्त 2 जणांना. रक्तदाब उतरवला की जीव वाचतो, हे तेव्हा पक्के झाले.

या तीन औषधांपैकी एक होते लघवी वाढवणारे थायझाइड. आजही ते रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत असते, आणि त्यामुळे रक्तातील युरिक ॲसिड वाढू शकते. अहवालातल्या त्या आकड्याचे एक कारण इथे सापडते. दुसरे म्हणजे रक्तदाबाने मूत्रपिंडांवर ताण आला की युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचे काम मंदावते. ज्यांचे युरिक ॲसिड जास्त, त्यांच्यात हृदयविकारही अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मग ते औषधाने उतरवले, तर हृदय वाचेल का? ऐकायला पटते. पण वकील यांच्या वाटेने जाऊन मोजावे लागते. ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, पण गाऊट नसलेल्या सुमारे 5,700 ज्येष्ठांवर ही चाचणी झाली. युरिक ॲसिड उतरवणारे ॲलोप्युरिनॉल जवळपास पाच वर्षे देऊनही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. 2022 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणून आकडा वाढलेला दिसला, तर तो डॉक्टरांना दाखवावा. सांधा सुजून ठणकत असेल, मुतखडा झाला असेल, तर उपचार लागतात. मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. गोळीत थायझाइड असेल तर ती बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. लोसार्टनसारखे औषध युरिक ॲसिड थोडे उतरवते. दारू, विशेषतः बिअर, आणि गोड शीतपेये कमी करावीत. पण आकड्याला घाबरून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करणे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे वाचवण्याचे काम ती गोळी करत असते.

आणि सर्पगंधा? मुळासाठी झुडूप समूळ उपटावे लागते. त्यामुळे ते जंगलातून विरळ होत गेले. 1990 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. रानातली मुळी कुटून घेतली, तर तिच्यात द्रव्य किती, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि चालू गोळीवर ती घेणे धोक्याचे आहे. जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान वकील यांनी झिडकारले नाही आणि डोळे मिटून स्वीकारलेही नाही. मशीन घेऊन ते रुग्णाच्या खाटेशी बसले आणि मोजत राहिले.