अण्णासाहेब किर्लोस्कर : बुद्धी आणि प्रतिभा

संगीत नाटककार बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. परीक्षांत ते चमकले नाहीत; बेळगावात शिक्षकी व पुढे पुण्यास सरकारी नोकरी करीत राहिले.

कालिदास जाणणारे पंडित त्या काळी पुष्कळ होते. परंतु कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीची व कानडी पदांची चाल यांची शाकुंतलाशी सांगड घालून ते १८८० साली रंगभूमीवर आणणे अण्णासाहेबांसच सुचले. बुद्धी ग्रहण करते, प्रतिभा जोडते. मात्र संस्कृताच्या व्यासंगावाचून ही जोडणी पोकळच ठरली असती.

१८८२ साली ‘सौभद्र’ आले. १८८५ साली, ‘रामराज्यवियोग’ अपुरे असतानाच, ते निवर्तले.

मुलांची पारख केवळ गुणपत्रिकेवरून करू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती.