पतंगांचा पारखी

उन्हाळ्याच्या रात्री अंगणात दिवा लावून त्याच्या मागे पांढरे वस्त्र बांधावे, म्हणजे घटकाभरात त्यावर नाना रंगांचे पतंग येऊन बसतात. देवळाली प्रवरेसारख्या बागायती गावातील मुलांना हे दृश्य परिचयाचे आहे. परंतु कोणता पतंग कोणत्या झाडावर वाढला, त्याचे बालपण कसे गेले, हे दिवा सांगत नाही. ते जाणून घेण्यासाठी थॉमस बेल यांनी आपले आयुष्य वेचले.

बेल यांचा जन्म १८६३ साली आयर्लंडमधील बँडन या गावी झाला. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या वनखात्यात दाखल झाले. पुढे कारवारकडे त्यांना दोन समानशील मित्र लाभले. डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर होते, तर साताऱ्यात जन्मलेले एटकिन हे मीठखात्यात अधिकारी होते. कामातून सवड मिळताच हे तिघे फुलपाखरांच्या अळ्या शोधीत व त्या पाळून त्यांचे निरीक्षण करीत.

अळी पाळणे हे सोपे काम नव्हे. तिला तिच्याच झाडाचा ताजा पाला रोज द्यावा लागतो. ती अनेकदा कात टाकते आणि दर वेळी निराळी दिसते. कधी कधी तर जिवापाड जपलेल्या अळीतून पतंगाऐवजी परोपजीवी माश्याच बाहेर पडतात! मग सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

डेव्हिडसन स्वदेशी परतले. एटकिन १९०९ साली वारले. बेल यांनी मात्र आपला अभ्यास सोडला नाही. १९२० साली निवृत्त झाल्यावरही ते कारवारलाच राहिले. ससाण्यासारखे वेगाने उडणारे म्हणून ज्यांना हॉक मॉथ म्हणतात, त्या पतंगांकडे ते वळले. मेजर स्कॉट यांच्या सहकार्याने त्यांनी या पतंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बेल ७४ वर्षांचे होते. त्यात केवळ पंखांचे वर्णन नाही. अळी, कोष व खाद्यवनस्पती यांचीही माहिती आहे.

१९४८ साली बेल यांचे निधन झाले. तिळाच्या पानावर शेपटीकडे शिंग असलेली जाड अळी दिसली, तर तीही याच कुळातील असते, हे ध्यानी ठेवावे. तिला पाहून क्षणभर थांबणे व तिचे जीवन समजून घेणे, हीच बेल यांची खरी आठवण होय.